मनगट ठणकतंय आणि गुडघा काही टेकत नाहीये

पत्र थोडक्यात: वाचकाचं वय ४१. बारा-तेरा वर्षं रोजच्या वापराची साधी बाईक चालवल्यावर आठ महिन्यांपूर्वी त्यांनी पहिली स्पोर्ट बाईक घेतली, खाली लावलेली क्लिप-ऑन हँडलं (दोन वेगळे तुकडे, पुढच्या फोर्कला लावलेले), पाय ठेवायचे फुटपेग उंच आणि मागे, सगळं तसंच. ज्या ग्रुपबरोबर ते सुट्टीच्या दिवशी घाटात जातात त्यातले बाकी सगळे वयाने लहान, आणि मागच्या टायरच्या कडेला जी न घासलेली पट्टी राहते, जिला चिकन स्ट्रिप म्हणतात, ती बघून एकमेकांना चिडवायची तिथे सवय आहे. यांची पट्टी सगळ्यात रुंद, म्हणजे बाईक सगळ्यात कमी झुकवलेली. म्हणून यांनी व्हिडिओ बघून कॉर्नरला अंग सीटवरून वळणाच्या आतल्या बाजूला बाहेर काढायला सुरुवात केली, पण बाईक धरलेल्या लाईनच्या बाहेर जाते, जोरात ब्रेक दाबला की अंग टाकीवर आदळतं, दोनदा तर बाईक समोरून येणाऱ्या गाड्यांच्या लेनमध्ये गेली. घरी येईपर्यंत दोन्ही मनगटं ठणकतात ते वेगळंच. प्रश्न असा: कॉर्नरला झुकताना आतला गुडघा रस्त्याला टेकवायचं नेमकं टेक्निक काय? की या वयात हे जमणारच नाही आणि बाईक विकून टाकावी?

उत्तर:

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वेळी मलाही वाटलं की प्रश्न गुडघ्याचाच आहे. दुसऱ्या वेळी ते मनगटाचं वाक्य डोळ्यात भरलं, जे तुम्ही अगदी जाता जाता लिहिलंय आणि पुढे 'वयामुळे असेल' म्हणून सोडून दिलंय. वयाला उगाच बदनाम करू नका हो. टाकीवर आदळणं, कॉर्नरला बाहेर जाणं आणि मनगट ठणकणं या तुम्ही तीन वेगळ्या तक्रारी म्हणून लिहिल्यात, मला ती एकच दिसते: तुमचं सगळं अंग तुमच्या हातांवर उभं आहे.

कसं ते सांगतो. जुन्या बाईकवर तुम्ही खुर्चीत बसल्यासारखे बसायचात, वरच्या अंगाचं वजन कण्यातून सरळ सीटवर उतरायचं. स्पोर्ट बाईकवर कंबरेतून पुढे वाकावं लागतं, आणि डोकं, धड, हात मिळून माणसाच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग होतो, तो पुढे झुकला की कुणीतरी धरून ठेवायला हवा ना. पोटाने, पाठीने, मांड्यांनी धरला तर ठीक, नाहीतर आपोआप तळहातांवर येतो. आता यात ब्रेक मिळवा. कोरड्या चांगल्या डांबरावर नीट ब्रेक दाबला तर ०.८ जी पर्यंत सहज जाता येतं (१ जी म्हणजे आपल्या वजनाएवढा जोर), म्हणजे तुमचं वजन ७५ किलो धरलं तर ६० किलोचा जोर तुम्हाला पाठीमागून पुढे रेटतोय. हे ६० किलो तुम्ही दोन मनगटांवर झेलताय, आणि त्याच हातांकडून ब्रेक लीव्हरचं नाजूक काम आणि हँडल वळवायचं कामही करून घ्यायचंय. पंचविशीतल्या पोराचीही मनगटं ठणकतील. तुमच्या ग्रुपमधल्यांचीही ठणकत असतील, ते कबूल करत नसतील एवढंच.

बाहेर जाण्याचंही मूळ तिथेच आहे, फक्त ते लगेच दिसत नाही. बाईक वळते ती काउंटरस्टीअरिंगने, उजवीकडे वळायचं तर उजवं हँडल पुढे ढकलायचं, डावीकडे तर डावं, हे तुम्ही ऐकलं असेलच आणि नकळत करतही असाल. वजन टाकून बाईक वळते असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी कीथ कोड या अमेरिकन प्रशिक्षकाने एक गमतीशीर बाईक बनवली होती, तिला नेहमीच्या हँडलशिवाय आणखी एक हँडल होतं जे थेट फ्रेमला घट्ट जोडलेलं. त्या न हलणाऱ्या हँडलला धरून चालवायला दिलं की लोक कितीही अंग इकडेतिकडे टाकोत, बाईक जराशी डुलायची पण धड वळायची नाही. तर आता तुमचं काय होत असणार बघा. तुम्ही बूड वळणाच्या आतल्या बाजूला काढता, पण घाबरलेलं धड मात्र टाकीच्या वरून उलट्या बाजूला राहतं, हे नव्या माणसाचं हमखास होतं आणि स्वतःला कळतही नाही. बूड आत, डोकं बाहेर. मग त्या धडाचं वजन बाहेरच्या हातावर पडतं, बाहेरचं हँडल ढकललं जातं, आणि बाहेरचं हँडल ढकललं की झुकलेली बाईक सरळ होते आणि लाईन सोडून रुंद जाते. बाईक तुमचं ऐकत नाहीये असं वाटतं तुम्हाला, उलट ती तंतोतंत ऐकतेय, तुमचा बाहेरचा हात जे सांगतोय ते.

व्हिडिओतली ती पोझ करायची कशाला, हाही प्रश्न तुम्ही स्वतःला विचारलेला दिसत नाही. लोकांना वाटतं अंग बाहेर काढलं की टायरला जास्त पकड मिळते. तसं नाहीये. वेग तोच आणि वळण तेच असेल तर टायरवरचा आडवा जोर तेवढाच, तुम्ही कसेही बसा. अंग आत नेल्याने होतं इतकंच की तोच वेग तेच वळण बाईक थोडी कमी झुकवून घेता येतं, म्हणजे पेग घासायला वेळ लागतो, सस्पेन्शनला काम करायला बरं पडतं, टायरचा जरा रुंद भाग रस्त्यावर राहतो. किती कमी? साधा हिशोब करू. बाईक १८० किलो, तुम्ही ७५, तुमच्या वजनाचा मध्य १० सेंटीमीटर आत नेलात तर दोघांचा मिळून जो मध्य आहे तो ३ सेंटीमीटरसुद्धा सरकत नाही, आणि तो जमिनीपासून साधारण ६० सेंटीमीटर वर धरला तर फरक पडतो जेमतेम ३ अंशांचा. ट्रॅकवर हे ३ अंश सोन्यासारखे असतात. रस्त्यावर मात्र हे ३ अंश तुम्हाला लागतायत असं वाटलं तर मी म्हणेन वेगच जास्त झालाय.

वेगाचंच बघू, कारण गुडघा टेकवण्याची खरी किंमत तिथे कळते. ४० मीटर त्रिज्येचा कॉर्नर घ्या. ४५ अंशांच्या आसपास झुकायचं, जिथे बऱ्याच जणांचा गुडघा टेकतो, तर वेग लागतो ताशी ७१ किलोमीटर, आणि टायरवर आडवा जोर पडतो १ जी चा. ३० अंशांवर तोच कॉर्नर ताशी ५४ ने निघतो. टायरची एकूण पकड १ जी एवढी धरा, रस्त्यावर तेवढी मिळाली तरी नशीब, तर ४५ अंशांवर ब्रेकसाठी हातात काहीच शिल्लक राहत नाही, आणि ३० अंशांवर मात्र ८० टक्क्यांच्या वर शिल्लक असते. म्हणजे ताशी १७ किलोमीटर सोडले आणि जवळजवळ सगळा ब्रेक परत मिळाला. ७१ च्या वेगात सेकंदाला २० मीटर जाता तुम्ही, आणि आंधळ्या वळणापलीकडे वाळू आहे का डिझेल सांडलंय का बंद पडलेला ट्रक उभा आहे हे दिसेपर्यंत एक सेकंद गेलेलाच असतो. दोनदा समोरच्या लेनमध्ये गेलात असं तुम्ही लिहिलंय. दोन्ही वेळा तिथे कुणी नव्हतं, यात तुमचं टेक्निक काही नव्हतं.

चिकन स्ट्रिपवरून चिडवणाऱ्यांना एक सांगा. जाकोमो अगोस्तिनी या इटालियन रेसरने १९६६ ते १९७५ या काळात १५ वर्ल्ड टायटल जिंकली, बाईकच्या रेषेत बसून, गुडघा न टेकवता. गुडघ्याची फॅशन सत्तरच्या दशकातली, केनी रॉबर्ट्स या अमेरिकन रेसरने १९७८ ला ५०० सीसीची चॅम्पियनशिप घेतली तेव्हापासून ती सगळीकडे पसरली, आणि तेव्हाही गुडघा हे किती झुकलोय हे मोजायचं साधन होतं. तो टेकण्यासाठी कुणी झुकत नव्हतं. बाकी टायरची पट्टी टायरच्या रुंदीवर, आकारावर, रस्त्यांवर, कशाकशावर अवलंबून असते, ती बघून रायडर ओळखणं म्हणजे चपलेची झीज बघून माणूस कुठे चाललाय ते सांगणं.

बरं, आता करायचं काय ते.

सगळ्यात आधी खालचं अंग. पायाचा पुढचा भाग, म्हणजे चवडा, पेगवर ठेवा, तळव्याचा मधला भाग नको. टाचा किंचित वर उचलल्या की मांड्या आपोआप टाकीला घट्ट लागतात. सीटवर थोडं मागे बसा, टाकी आणि तुमच्यामध्ये एक मूठ मावेल एवढी जागा ठेवा, टाकीला चिकटून बसलात तर ब्रेकमध्येही अडचण आणि आत सरकतानाही. मग पोट जरा आवळून कंबरेतून वाका, पाठ ताणून नव्हे, थोडी गोलसर, खांदे सैल, कोपरं वाकलेली. पॅडॉक स्टँडवर, म्हणजे मागचं चाक उचलून बाईक सरळ उभी ठेवणाऱ्या स्टँडवर, बाईक लावून, किंवा कुणालातरी पुढून घट्ट धरायला सांगून, हे करून बघा: रायडिंगच्या पोझिशनमध्ये बसा आणि दोन्ही हात हँडलवरून एक इंच वर उचला. अंग पुढे कोसळलं तर समजा आत्तापर्यंत हातांवरच बसला होतात. अर्धा मिनिट तसं राहता आलं की बरंच काही जमलं. पहिल्या दिवशी १० सेकंदात मांड्या थरथरतील, थरथरू देत. टाकी गुळगुळीत असेल तर दोन्ही बाजूंना रबराचे ग्रिप पॅड चिकटवून घ्या, स्वस्तात इतका फरक पाडणारी दुसरी वस्तू मला तरी माहीत नाही.

मला स्वतःला हे उशिरा कळलं. मीही बरीच वर्षं हँडल आवळून चालवत होतो आणि स्वतःला फार स्मूद समजत होतो, मग एका ट्रेनिंगमध्ये इन्स्ट्रक्टरने सरळ रस्त्यावर चालत्या बाईकवर कोंबडीच्या पंखांसारखी कोपरं हलवून दाखवायला सांगितली. माझी हलेचनात. सगळे हसले, मीपण हसलो, पण त्या दिवसानंतर दर काही किलोमीटरवर ती कोपरं हलवून बघायची सवय लागली ती आजतागायत आहे. तुम्हीही लावा. दिसायला येडपट दिसतं, हेल्मेटमध्ये कोण ओळखतंय.

ब्रेकवर जरा थांबतो, कारण कॉर्नर बिघडतात ते बहुतेक ब्रेकिंगमध्येच बिघडलेले असतात. ब्रेक दाबायच्या आधी, एक क्षण आधी, गुडघ्यांनी टाकी पकडा. आधी गुडघे मग बोटं, हा क्रम अंगात मुरला पाहिजे. ब्रेक खटकन ओढायचा नाही, पिळायचा, पहिल्या क्षणाला हलका जोर, पुढचं सस्पेन्शन बसलं, टायर रस्त्यावर दाबला गेला की मग वाढवत न्यायचा. तो पहिला हलका क्षण देणं महत्त्वाचं आहे कारण वजन पुढे जायला वेळ लागतो आणि वजन पुढे गेल्यावरच पुढच्या टायरची पकड वाढते. जातंही किती बघा, चाकांमधलं अंतर १.४ मीटर आणि वजनाचा मध्य ६० सेंटीमीटर उंचीवर धरला तर ०.८ जी ला एकूण वजनाचा ३४ टक्के भाग मागून पुढे सरकतो, म्हणजे आधी निम्मं-निम्मं असेल तर मागच्या चाकावर फक्त १६ टक्के उरतं. त्यात तुम्ही टाकीवर जाऊन आदळलात की मागचं चाक अजूनच हलकं, ते डुलायला लागतं, तुम्हाला भीती वाटते, तुम्ही ब्रेक सोडता किंवा हँडल आवळता आणि त्याच अवस्थेत कॉर्नर येतो. म्हणून सीटवर मागे, गुडघे घट्ट, हात सैल, नजर वर आणि लांब. ब्रेकमध्ये खाली पुढच्या चाकाकडे बघू नका, बाईक नजरेमागे जाते आणि अंगही.

कॉर्नर येतो तेव्हा अंग सरकवायचं असेल तर ते ब्रेक सुरू व्हायच्या आधी किंवा अगदी सुरुवातीला, बाईक सरळ असताना. वळणाच्या मध्यात सरकलात तर बाईक हलणारच. सरकताना पायांवर उठून सरका, हँडलला धरून स्वतःला ओढू नका. रस्त्यावर बूड फार काढायचंच नाही, फार तर अर्धं, खरं तर तेही नको, वरचं अंग आत आणलंत तरी पुरे, कारण वजन तिथेच जास्त आहे हे वर आलंच. हनुवटी आतल्या आरशाच्या दिशेने न्या, आतलं कोपर वाकू द्या आणि खाली येऊ द्या. बाहेरचा गुडघा आणि मांडी टाकीच्या खाचेत घट्ट रुतवा, तुमचं सगळं अंग बाईकला तिथून लटकलं पाहिजे, बाहेरचा हात इतका सैल की बोटं वाजवता येतील. डोकं बाहेर राहिलंय का हे आतून कळत नाही म्हणून कुणाला तरी मागून किंवा समोरून एखाद्या मोकळ्या जागेत मोबाईलवर शूट करायला सांगा. बघून लाज वाटेल, सगळ्यांनाच वाटते.

आणि नजर. तुम्ही समोरच्या लेनमध्ये गेलात तेव्हा कुठे बघत होतात ते आठवा. माझी पैज आहे की तुम्ही बाहेरच्या कडेकडे किंवा त्या लेनकडेच बघत होतात. डोळे कॉर्नरच्या शेवटाकडे, जिथून बाहेर पडायचंय तिथे, मान वळवून, आणि जसजसा रस्ता उघडत जातो तसतशी नजर पुढे. बाईक वळली, लाईन धरली की थ्रॉटल अगदी हलकेच उघडायला सुरुवात करा म्हणजे वजन मागे जाऊन बाईक स्थिर होते. थ्रॉटल झटक्यात बंद केला की वजन पुढे पडतं, घाबरल्यावर नेमकं हेच होतं आपल्याकडून.

कॉर्नरमध्ये शिरताना ब्रेक थोडा थोडा सोडत जायचं, ज्याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात, त्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण कुठलातरी व्हिडिओ सांगेलच. ते चुकीचं नाही, उलट चांगली गोष्ट आहे, जितकी बाईक झुकत जाते तितका ब्रेक सुटत जातो. पण ज्याचे हात अजून वजन पेलतायत त्याने ते करू नये, कारण अंगाचा जोर नकळत लीव्हरवर येतो आणि झुकलेल्या बाईकवर तेवढ्यानेही पुढचं चाक घसरू शकतं. साधं एबीएस असलं तर त्यावर भिस्त नको, बाईक किती झुकलीय हे ते मोजतच नाही. सध्या ब्रेक सरळ रेषेत संपवा आणि मग वळा, 'फार हळू शिरलो' असं वाटलं तर बरोबर चाललंय. मध्येच थांबावं लागलं आणि जागा असली तर झुकलेली बाईक आधी सरळ करा आणि मग जोरात ब्रेक, जागा नसली तर हलका हलका वाढवत. झुकलेल्या बाईकवर पुढचा ब्रेक लावला की ती स्वतः उभी व्हायला बघते आणि बाहेर सरकते, हेही अंगवळणी पडलेलं असू द्या.

सराव कुठे करायचा? ग्रुप राईडवर तर नाहीच. मोकळी, कोरडी, स्वच्छ जागा शोधा, पूर्ण गियर घाला, आणि ताशी ४० वरून सरळ रेषेत थांबायची प्रॅक्टिस करा, एक खूण ठेवून. ०.८ जी ला ४० वरून साधारण ८ मीटरमध्ये थांबता येतं, ६० वरून १८ मीटरमध्ये. सुरुवातीला याच्या दीडपट अंतर लागेल, घाई नको. प्रत्येक वेळी थांबल्यावर बघा की तुम्ही सीटवर तिथेच आहात का पुढे सरकलात, तो तुमचा रिझल्ट. मग मोठे गोल आणि आठचे आकडे, हळू. दोन-तीन महिन्यांनी एखादा ट्रॅक डे करा जिथे शिकवणारे असतात, तिथे समोरून कुणी येत नाही, रस्ता माहितीचा असतो, आणि गुडघा टेकायचाच असेल तर तिथे टेकेल, बहुतेक तुमचं लक्षही नसताना. ४१ हे वय त्याला काही फार नाही, पहिल्यांदा ट्रॅकवर येणाऱ्यांत तुमच्या वयाचे बरेच दिसतात.

ग्रुपचं म्हणाल तर पुढच्या वेळी निघतानाच सांगा की मी माझ्या स्पीडने येणार, पुढच्या वळणाच्या फाट्यावर भेटू. जो ग्रुप थांबतो तो चांगला. जो थांबत नाही किंवा थांबून पट्टी मोजतो त्याच्याबरोबर काही महिने न जाणं मला तरी तोट्याचं वाटत नाही. थोडं टोचेल, मान्य आहे, आपल्यापेक्षा लहान पोरांनी हसलेलं जास्तच टोचतं. पण त्यातल्या किती जणांनी कधी ब्रेकिंगचं अंतर मोजलंय ते एकदा विचारून बघा.

बाईक विकायचा निर्णय इतक्यात नको. मनगटं ठणकत असताना घेतलेला निर्णय तो. हे सगळं करूनही दोन महिन्यांत दुखणं कमी झालं नाही, किंवा बोटांना मुंग्या येतात, रात्री हात बधिर होतो असं काही असेल, तर डॉक्टरांना दाखवा, ते मी इथून बघू शकत नाही. तेव्हाही दुखतच राहिलं तर जरा उंच हँडलची बाईक घेणं यात कसली हार नाही, कॉर्नर त्यावरही तेच आणि ब्रेकही तेच.

आज संध्याकाळी मात्र एक काम कराच. पाना घ्या, बाईकवर नेहमीसारखे बसा, बोटं ब्रेक लीव्हरवर ठेवा आणि बघा की हाताची पाठ आणि कोपरापुढचा हात एका रेषेत आहेत का. लीव्हर फार आडवा बसवलेला असेल तर मनगट वरच्या बाजूला मुडपलं जातं, आणि बऱ्याच बाईक तशाच मिळतात. बोल्ट सैल करून लीव्हर जरा खाली फिरवा, क्लचचाही, परत घट्ट करा आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून केबल, होज कुठे ताणत नाही ना ते बघा. १० मिनिटांचं काम आहे. कदाचित निम्मं दुखणं तिथेच अडकलेलं असेल, काय होतं ते कळवा.